परागाच्या बरणीमागचे किस्से

मधाला गिऱ्हाईक आपणहून येतं, परागाला आधी किस्सा लागतो. मधपेट्यांच्या धंद्यात वावरलेल्या कुणालाही विचारा. कृषी प्रदर्शनात मधाच्या बाटल्यांशेजारी पिवळ्या-केशरी दाण्यांची बरणी ठेवली की लोक थांबतात, ‘ही बुंदी आहे का?’ असं विचारतात. मधमाशीने गोळा केलेला पराग आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘कशावर घ्यायचा?’ इथे विकणाऱ्याच्या तोंडून किस्से सुरू होतात. रशियातले शंभरी ओलांडलेले मधपाळ, ऑलिंपिकचे धावपटू, अमेरिकेचा कुणी मोठा पुढारी. हे किस्से स्टॉलमागे उभं राहून मी वर्षानुवर्षं ऐकले आहेत आणि त्यांच्या मागे काय आहे ते शोधून वाचलं आहे. ते सांगायलाच हवं असं मला वाटतं, कारण ही बरणी विकत घेणारा पुष्कळदा स्वतः आजारी असतो, नाहीतर घरातल्या आजारी माणसासाठी ती नेत असतो.

आधी बरणी भरते कशी, ते. कामकरी माशी फुलात घोळून निघते, अंगावरच्या केसांत अडकलेला पराग पायांनी विंचरून काढते, त्यात थोडा मध कालवते आणि मागच्या दोन पायांवरच्या खळग्यांत त्याच्या गोळ्या बसवते. आम्ही पेटीच्या तोंडाशी पोलन ट्रॅप लावतो. म्हणजे एक जाळी, जिची भोकं जेमतेम पाच मिलिमीटरची. माशी त्या भोकातून अंग चोरून आत शिरते तेव्हा पायांवरच्या गोळ्या कडेला घासून सुटतात आणि खालच्या खणात पडतात. जाळी नवी असली की माश्या गोंधळतात, दारात गर्दी करतात, एखादी मागे फिरून दुसऱ्या भोकाशी येते. दोन-तीन दिवसांत सरावतात. सकाळभरात खणात रंग जमतात : सूर्यफुलाचा गडद केशरी, मोहरीचा पिवळाधमक, मक्याचा फिकट. संध्याकाळी खण रिकामा करावाच लागतो. ताज्या परागात पाव हिस्सा पाणी असू शकतं; तो तसाच राहिला तर बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो, मग तो कितीही वाळवला तरी जात नाही. चाळीस अंशांच्या आत सावकाश वाळवायचा, चाळायचा, माश्यांचे पाय, पंख आणि मेणाचे तुकडे हाताने वेचून काढायचे. उन्हात पसरलेला पराग स्वस्त पडतो, पण त्याचा रंग उडतो, जीवनसत्त्वंही घटतात.

एका माशीच्या दोन गोळ्यांचं वजन मिळून पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. दहा ग्रॅमचा चमचा भरायला साडेसहाशेहून जास्त फेऱ्या लागतात. या फेऱ्या माशी आपल्यासाठी घालत नाही. मधातून वसाहतीला साखर मिळते. प्रथिनं मिळतात ती फक्त परागातून. तरुण माश्या पराग खाऊन अळ्यांसाठी दूध तयार करतात, म्हणजे पराग कमी पडला की पाळणाघर रिकामं होतं. मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या एका भरल्या वसाहतीला वर्षाला वीस किलोहून अधिक पराग लागतो. म्हणून जाणता मधपाळ ट्रॅप सतत ठेवत नाही. काही दिवस लावतो, काही दिवस काढतो, फुलोरा ओसरू लागला की उतरवूनच ठेवतो. आणि सह्याद्रीतल्या सातेरी या देशी मधमाशीच्या पेटीला ट्रॅप लावूच नये, हे माझं ठाम मत आहे. तिची वसाहत लहान असते, आणि हाल झाले की सातेरी पेटी सोडून निघून जाते. महाबळेश्वर-जावळीच्या रानात सातेरीवर जगणाऱ्या घरांना चार पैशांच्या परागासाठी वसाहती गमावणं परवडणारं नाही.

आता किस्से. त्यातला सगळ्यांत जुना रशियाचा. निकोलाय त्सित्सिन हे सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ, मॉस्कोच्या मुख्य वनस्पती उद्यानाचे संचालक. त्यांनी म्हणे शंभरी पार केलेल्या लोकांची चौकशी केली, तर त्यांतले बरेच मधपाळ निघाले. चांगला मध विकून ते पेटीच्या तळाचा गाळ खायचे आणि त्या गाळात पराग होता. परागाच्या जाहिरातीत हा किस्सा हटकून येतो. जाहिरातीत येत नाही तो झोरेस मेदवेदेव यांचा १९७४चा लेख. हे सोव्हिएत जीवशास्त्रज्ञ देशाबाहेर पडून लंडनला गेले आणि कॉकेशससह सोव्हिएत संघातल्या दीर्घायुष्याच्या दाव्यांची त्यांनी चिरफाड केली. शंभरी सांगणाऱ्या या म्हाताऱ्यांकडे जन्माच्या विश्वासार्ह नोंदीच नव्हत्या. मेदवेदेव यांनी याकुतियातल्या एका माणसाचं उदाहरण दिलं आहे. एकशे तीस वर्षांचा म्हणून त्याचा फोटो ‘इझ्वेस्तिया’ या सरकारी दैनिकात छापून आला. तो पाहून युक्रेनमधल्या त्याच्या गाववाल्यांनी कळवलं की, हा तर पहिल्या महायुद्धात सैन्यातून पळालेला आमचा माणूस. तो बापाची कागदपत्रं वापरत होता. खरं वय अठ्ठ्याहत्तर. फौजदारी टाळण्यासाठी वाढवलेलं वय त्या काळच्या राजवटीला अभिमानाचं वाटलं, आणि पुढे त्या दीर्घायुष्याच्या कीर्तीवर दही, मध, पराग सगळंच खपलं.

धावपटूंचं थोडक्यात सांगतो. १९७०च्या दशकात फिनलंडच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या यशाशी परागाच्या गोळ्यांचं नाव जोडलं गेलं. त्याच दशकात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्य विद्यापीठात जलतरणपटूंना परागाच्या गोळ्या आणि दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या देऊन पाहिलं, तर फरक दिसला नाही. आणखी एक गोष्ट धंद्यात फारसं कुणी बोलत नाही. परागाच्या औषधी गुणांसाठी ज्या अभ्यासांचे दाखले देतात, त्यांतले बरेच स्वीडनमध्ये बनलेल्या एका अर्काचे आहेत. तो राय वगैरे गवतांच्या परागाचा असतो आणि तो पराग यंत्राने गोळा करतात. त्यात मधमाशीचा पाय लागलेलाच नसतो. एका मालाचा अहवाल दुसऱ्या मालाच्या बरणीवर चिकटवणं, हे मला या धंद्यातलं सर्वांत वाईट वाटतं.

सर्वांत मोठा किस्सा वॉशिंग्टनचा. टॉम हार्किन हे आयोवाचे तेव्हाचे सिनेटर. देशाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांना पैसा देणाऱ्या सिनेट उपसमितीचे अध्यक्ष, म्हणजे तिजोरीची किल्ली त्यांच्या हातात. त्यांना परागाची ॲलर्जी होती. आयोवाचेच माजी खासदार बर्कली बेडेल हे त्यांचे मित्र. लाइम रोगातून आपण पर्यायी उपचाराने बरे झालो, अशी बेडेल यांची श्रद्धा. त्यांनी हार्किन यांची गाठ रॉयडन ब्राऊन या ॲरिझोनातल्या पराग विक्रेत्याशी घालून दिली. ब्राऊनच्या सांगण्यावरून हार्किन यांनी दिवसाला साठ गोळ्यांपर्यंत पराग घेतला, आठ-दहा दिवसांत ॲलर्जी गेली असं त्यांना वाटलं, आणि १९९३मध्ये त्यांनी हे जाहीरपणे सांगितलं.

यातलं पडद्यामागचं असं. ब्राऊनच्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली होती. परागाने वजन उतरतं, ॲलर्जी कायमची जाते, म्हातारपण मागे फिरतं, असे खोटे दावे केल्याचा ठपका होता. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिराती टीव्हीवर साध्या कार्यक्रमासारख्या भासवून दाखवल्या जात. १९९२मध्ये कंपनीने दोन लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. म्हणजे सरकारच्या एका हाताने ज्या दाव्यासाठी पैसे वसूल केले, तोच दावा वर्षभराच्या आत सरकारच्याच एका मोठ्या माणसाच्या तोंडून देशभर गेला.

हार्किन खोटं बोलत होते असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना बरं वाटलं असणारच. पण परागाची ॲलर्जी ऋतूबरोबर येते आणि ऋतूबरोबर जाते. कुठल्या वर्षी जोर धरते, कुठल्या वर्षी सौम्य जाते. एका माणसाच्या एका वेळच्या अनुभवावरून श्रेय गोळीचं की हवेचं, हे कळायला मार्ग नसतो. त्यासाठीच तर चाचण्या लागतात. हार्किन यांच्याच पुढाकाराने १९९१मध्ये वीस लाख डॉलर मंजूर होऊन आरोग्य संस्थांमध्ये पर्यायी वैद्यकाचं कार्यालय निघालं होतं. त्याचे पहिले संचालक जोसेफ जेकब्स यांना आधी शिस्तीत चाचण्या करायच्या होत्या. सल्लागार मंडळावरच्या हार्किनसमर्थकांशी त्यांचं बिनसलं आणि १९९४मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कार्यालय मात्र वाढत गेलं, त्याचं मोठं केंद्र झालं. २००९मध्ये सिनेटच्या सुनावणीत हार्किन यांनीच नाराजी बोलून दाखवली की, हे केंद्र उपचार सिद्ध करण्यापेक्षा खोडून काढण्यातच गुंतलं आहे. ज्या माणसाने चाचणीची वाट न पाहता विश्वास ठेवला, त्याला चाचणीचा निकाल पचणं जड जावं, हे मी समजू शकतो. गिऱ्हाइकांतही हे रोज दिसतं.

त्याच १९९४ साली अमेरिकेत पूरक आहाराचा कायदा झाला. मांडणाऱ्यांत हार्किनही होते. या कायद्याने अशा गोळ्या बाजारात आणण्याआधी त्या परिणामकारक असल्याचं सरकारला पटवण्याची गरज राहिली नाही. पुढे काय झालं, ते २०१४मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या इशाऱ्यात वाचायला मिळतं. वजन उतरवणाऱ्या ‘बी पोलन’ कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन सापडलं. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे हे औषध २०१०मध्येच तिथल्या बाजारातून काढून घेतलं होतं. आपल्याकडेही पुढे त्यावर बंदी आली. काही कॅप्सूलमध्ये फिनॉल्फ्थेलिनही निघालं, शाळेच्या प्रयोगशाळेत गुलाबी रंग दाखवणारं तेच. त्यावर कर्करोगाचा संशय आहे. अशा भेसळीच्या मालाबद्दल गंभीर त्रासाच्या पन्नासहून अधिक तक्रारी प्रशासनाकडे आल्या होत्या. वजन उतरत होतं ते लपवलेल्या औषधाने, नाव मात्र माशीचं.

मग परागात काहीच नाही का? आहे. प्रथिनं आहेत, सरासरी पाचवा हिस्सा धरा, पण फुलागणिक ती फार कमी-जास्त होतात. साखर, थोडी चरबी, काही जीवनसत्त्वं, खनिजं आहेत. पण परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की लाखो वर्षांपूर्वीचे परागकण गाळात शाबूत सापडतात. आपल्या पोटातून बरेच कण न फुटताच पुढे जातात. माशीसुद्धा पराग पोळ्यात दाबून, वर मधाचा थर देऊन, आंबवून ठेवते आणि मग वापरते. चमचाभर परागातून मिळणारी प्रथिनं मूठभर शेंगदाण्यांतून जास्त मिळतात, आणि शेंगदाण्यांची किंमत आपल्याला ठाऊक आहे.

काट्याने काटा काढावा तशी परागाने परागाची ॲलर्जी काढायची, हे ऐकायला पटतं, म्हणून त्याबद्दल जास्त काळजी वाटते. ॲलर्जी देतो तो मुख्यतः वाऱ्यावर उडणारा हलका पराग; माशी आणते तो बहुतेक चिकट, जड पराग. डॉक्टर ॲलर्जीवर जी लस देतात, तिच्यात नेमका कोणता पराग किती आहे ते मोजलेलं असतं. बरणीत काय आहे, ते त्या आठवड्यात शिवारात काय फुललं होतं त्यावर ठरतं. दुसरं काही नसलं की माश्या गाजरगवताचाही पराग आणतात, आणि त्या गवताने किती जणांची कातडी आणि श्वास हैराण होतो ते आपण पाहतोच. पराग खाल्ल्यावर घसा सुजून, श्वास अडकून माणसं दवाखान्यात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. काहींनी तर तो पहिल्यांदाच खाल्ला होता. विकणारे सांगतात, ‘आधी दोन दाणे चाखून बघा.’ ॲलर्जीच्या माणसाने तेवढाही धोका घेऊ नये.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं ठळक छापावं लागतं. मधुमेह, दमा, वंध्यत्व बरं करण्याच्या जाहिराती करणं १९५४च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. म्हणून माझी वाचकांना विनंती आहे : पराग आवडत असेल तर ओळखीच्या मधपाळाकडून घ्या, कुठल्या फुलोऱ्याचा आणि कसा वाळवला ते विचारा, वास घेऊन बघा. दमा, परागाची किंवा मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल, गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि चालू असलेलं औषध बंद करून पराग घ्या असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडून मधही घेऊ नका.