गारांनी पत्रे फुटले तर



2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण विसरलेलो नाही. पिके तर झोपलीच, पण घरांचे पत्रे नि कौलेही फुटली. भिवंडीला यंत्रमागावर, गोदामात कामाला गेलेल्या आपल्या मुलांना गारा क्वचित दिसतात, पण मे 2021 मध्ये तौक्ते वादळाचा वारा त्यांनीही पाहिला. नियम दोन्हीकडे तेच.

सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका, तो पायाखाली फुटतो. आधी खालूनच फोटो काढा, मग ताडपत्री टाका. उघडे छप्पर तसेच ठेवून घरात पाणी येऊ दिले, तर त्या वाढीव नुकसानीवरून कंपनी वाद घालते. फुटके तुकडे मात्र सर्वेअर येईपर्यंत कोपऱ्यात ठेवा. एकाने घाईघाईत नवे पत्रे टाकले, जुने उकिरड्यावर गेले, आणि दाखवायला काहीच उरले नाही!

कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो झाला म्हणजे विम्याचा दावा दाखल झाला असे नव्हे. त्याची नक्कल मात्र जोडावी.

1 एप्रिल 2021 पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत वादळाचे नुकसान येते. जुने, झिजून गळणारे छप्पर त्यात बसत नाही. घर कर्जावर बांधले असेल तर बँकेत विचारा. विमा काढलेला असतो नि घरात कुणाला पत्ताच नसतो.

लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.