तीस वर्षांची मर्सिडीज सांभाळायची कशी? आधी थांबेल का ते बघा, मग चमकेल का!

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती आणि मागे वाजणारे हॉर्न काढून टाकलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. जुनी मोठी सेदान घ्यावी का, घरात पडून असेल तर परत रस्त्यावर आणावी का, आणि आणायची तर सुरुवात कुठून करायची? मी काही मेकॅनिक नाही, दिवसभर कोड लिहितो. पण गेली दोन वर्षं शनिवार-रविवार एका १९९५ च्या मर्सिडीज ई२२० खाली आडवा पडून काढलेत. गाडी काकांची आहे. जे शिकलो त्यातलं निम्मं चुकून शिकलो, त्यामुळे सुरुवात चुकीपासूनच करतो.

काका चिंचवडला फिटर होते. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये भारतात आली आणि १९९५ पासून तिच्या गाड्यांची जुळणी पुण्यातच, टेल्कोच्या कारखान्यात सुरू झाली. चाकणचा स्वतःचा कारखाना खूप नंतर, २००९ मध्ये आला. तर इथे बनलेलं पहिलं मॉडेल म्हणजे डब्ल्यू१२४, आपल्याकडे पेट्रोल ई२२० आणि डिझेल ई२५०. जर्मनीत ही गाडी १९८४ पासून बनत होती, टॅक्सीवाल्यांची लाडकी होती, आणि जगभरात २५ लाखांहून जास्त विकली गेली. काकांनी सेकंडहँड घेतली, हौसेनं चालवली, आणि मग ती चार वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली राहिली.

आम्ही काय केलं? पॉलिश, सीट कव्हर, नवा स्टिरिओ. झक्कास दिसायला लागली. काकांना घेऊन साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाटात काटा वर चढायला लागला. "अरे, वास कसला येतोय?" असं काका म्हणेपर्यंत रेडिएटरचा होज फुटला होता. बॉनेटमधून वाफ, मागे ट्रकची रांग, आणि काका गप्प. त्यांचा तो गप्प चेहरा मला बिलापेक्षा जास्त लागला. नशीब, इंजिन लगेच बंद केलं होतं. या इंजिनाचा हेड ॲल्युमिनियमचा असतो. तापलेल्या अवस्थेत दोन किलोमीटर जरी ओढली असती तरी हेड वाकला असता.

किलोमीटर नको, कॅलेंडर बघा

तिथून पहिला धडा मिळाला. गाडी फक्त ९० हजार चाललीय, म्हणजे ठणठणीत असणार, असं आपण समजतो. लोखंडाच्या बाबतीत ते बरचसं खरंही आहे. या गाडीचं इंजिन दणकट आहे, टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. पण रबर, प्लास्टिक आणि वायरचं आवरण यांना ओडोमीटर कळत नाही. ती उभ्या गाडीतही म्हातारी होतात, उलट उभ्या गाडीत जास्त. सीलवर तेल पोचत नाही, टायर एकाच जागी दबतो, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढत राहतं.

म्हणून आता आमची यादी चार प्रश्नांची आहे, आणि क्रम बदलायचा नाही: थांबेल का? तापेल का? जळेल का? आणि मग, नीट चालेल का? चमकेल का, हा पाचवा.

१. थांबेल का?

टायरपासून सुरू करा. नक्षी किती खोल आहे त्याआधी तारीख बघा. टायरच्या कडेला 'डॉट'च्या पुढे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर नवा दिसला तरी काढा. या गाडीला १९५/६५ आर१५ साइज लागते, सहज मिळते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालो न चालो. आणि चाकाजवळचे रबरी ब्रेक होज विसरू नका. ते बाहेरून चांगले दिसतात, पण आतून फुगतात. मग पेडल दाबलं की दाब जातो, सोडलं की परत येत नाही, आणि एक चाक धरून राहतं. चालवून आल्यावर एकच रिम खूप गरम लागत असेल तर कॅलिपरइतकाच संशय होजवर घ्या.

२. तापेल का?

सगळे रबरी होज, थर्मोस्टॅट आणि कूलंट एकदमच बदला. फुटला तेवढाच बदलू असं म्हणालात तर पुढच्या महिन्यात शेजारचा फुटेल, कारण दोघांचं वय एकच आहे. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या आहेत. होज जिथे बसतो ती मान वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होते, आणि जुना होज ओढून काढताना हातात येते. होज ब्लेडनं उभा कापून काढा, ओढू नका.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. त्यात गंज रोखणारी रसायनं असतात आणि ती संपतात. गाडीच्या स्पेसिफिकेशनचंच घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. ट्रॅफिकमध्ये काटा ८० च्या वर थोडा जाऊन परत येतो, ते ठीक. पण १२० कडे निघाला की एसी बंद, हीटर फुल, बाजूला घ्या आणि इंजिन बंद. आणि गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही. म्हणजे नाहीच.

३. जळेल का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्या तीस वर्षांच्या असतील तर वाकवून बघा. भेगा दिसल्या की संपलं. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि १९९५ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल सहन करणारा, फ्युएल इंजेक्शनचा दाब झेलणारा होज मागा. साधा पाणी-पाईप लावणारा भेटला तर हात जोडून निघून या.

दुसरं, वायरिंग. साधारण १९९२ ते १९९५ च्या मर्सिडीज इंजिनांवरच्या हार्नेसचं आवरण उष्णतेनं कडक होऊन बिस्किटासारखं सुटतं, हे जगभरातल्या मालकांना माहीत आहे. उघड्या तारा एकमेकींना लागतात. गाडी मिसिंग मारते, गरम झाली की बंद पडते, थंड झाली की शहाण्यासारखी चालते. लोक एकेक सेन्सर बदलत बसतात. आमच्या भाषेत सांगायचं तर बग नेटवर्क केबलमध्ये आणि आपण सर्व्हर बदलतोय! तपास सोपा आहे. बॅटरी काढा, इंजिनावरच्या एखाद्या कनेक्टरची रबरी टोपी हळूच मागे सरकवा आणि आतल्या तारा बघा. आवरण चुरा होत असेल तर टेप गुंडाळू नका, पूर्ण हार्नेस बदला.

आणि हो, तुम्ही ऑनलाइन मागवलेला तो छोटा ब्लूटूथ स्कॅनर इथे लागणार नाही. या गाडीला आजचा ओबीडी-टू सॉकेटच नाही. मोबाईल खिशात ठेवा, टॉर्च बाहेर काढा.

सगळ्यात स्वस्त काम म्हणजे फ्यूज. यात जुन्या पद्धतीचे, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असतात. त्यांच्या टोकांवर थर चढतो आणि मग काच अडते, दिवा मंद लागतो. पूर्ण संच बदला, संपर्काच्या पट्ट्या घासून साफ करा. आमच्या निम्म्या 'इलेक्ट्रिकल तक्रारी' तिथेच संपल्या.

४. नीट चालेल का?

या गाडीची खरी मजा तिच्या चालीत आहे. मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्या धरून ठेवतात आणि प्रत्येक दांडीला रबरी बुश. बुश गेले की गाडी हायवेला मागून डुलते आणि टायर आतून झिजतो. बदलताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. गाडी हवेत असताना आवळले तर खाली येताच रबर पिळलं जातं आणि वर्षभरात फाटतं. मग लोक पार्टला शिव्या घालतात.

स्टिअरिंग सैल वाटलं तर स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून 'ॲडजस्ट' करू देऊ नका. आधी टाय रॉड, आयडलर आर्मचा बुश आणि स्टिअरिंग डँपर बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याला 'लाइफटाइम ऑइल' वगैरे काही नसतं. ऑइल आणि फिल्टर बदला. पातळी बघायची ती इंजिन गरम, गिअर पी मध्ये आणि इंजिन चालू असताना.

एक काम घरी अजिबात करू नका: पुढची स्प्रिंग काढणं. ती खालच्या आर्मवर प्रचंड ताणात बसलेली असते आणि तिला खास कॉम्प्रेसर लागतो. सुटली तर जीव घेते.

मग सोडायची कधी?

इंजिन, गिअरबॉक्स, सीट, सगळं बदलता येतं. निर्णय पत्र्यावर घ्या. १९८९ नंतरच्या डब्ल्यू१२४ ला दारांखाली प्लास्टिकची रुंद पट्टी असते. तिच्या मागे जॅक लावायच्या जागा कुजतात आणि बाहेरून काही दिसत नाही. मुंबई-कोकणातली गाडी असेल तर पट्टी काढून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या काचेची खालची कड, डिकीतल्या गालिच्याखाली साचलेलं पाणी, हेही बघा. जॅक लावल्यावर पत्रा आत जात असेल तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

कागदाचंही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण आणि पर्यावरण कर. आणि आपली 'क्लासिक' कायद्यानं 'व्हिंटेज' नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे आमच्या गाडीला २०४५ उजाडेल.

पार्टची चिंता मात्र वाटते तेवढी नको. जुन्या पार्टवरचा नंबर घासून वाचा. पहिले तीन आकडेच सांगतात की तो कुठल्या गाडीचा: १२४ म्हणजे ही बॉडी, १११ म्हणजे ई२२० चं इंजिन. नंबर घेऊन गेलात तर दुकानदार 'सेम टू सेम' म्हणून भलतंच देऊ शकत नाही. आणि एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं. आमच्या वहीत डावीकडे काकांचं अक्षर आहे, उजवीकडे माझं.

गेल्या महिन्यात परत साताऱ्याला गेलो. खंबाटकी चढताना दोघांचेही डोळे काट्यावर. तो ८० च्या थोडा वर गेला, पंखा लागला, खाली आला. वर पोचल्यावर काका एवढंच म्हणाले, "चहा घेऊ." पॉलिश अजून राहिलंय. दिवाळीला बघू.

तुमच्या घरात अशी गाडी कव्हरखाली असेल तर या रविवारी चालू करू नका. फक्त टायरची तारीख वाचा, आणि पेट्रोलची नळी वाकवून बघा. काय दिसलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!