‘प्रश्न उद्भवत नाही’

महाराष्ट्र विधानसभेतल्या प्रश्नांचा साचा ठरलेला आहे. अमुक पाणीयोजना रखडली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरे तितकीच ठरावीक : ‘अंशतः खरे आहे’, ‘माहिती घेण्यात येत आहे’ आणि अखेरीस ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचणाऱ्याला हा कागदी सोपस्कार वाटतो. तरीही मंत्र्याला सभागृहापुढे लेखी उत्तर द्यावे लागणे ही सरकारवरची मोठी पकड आहे, आणि टाळाटाळीच्या उत्तरानेही ती पूर्ण सुटत नाही.

सप्टेंबर २०२० मधले संसदेचे अधिवेशन आठवा. साथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता. त्यामुळे तारांकित प्रश्न गेले आणि त्यांवर सभागृहात विचारायचे उपप्रश्नही गेले. उरले ते फक्त लेखी उत्तराचे अतारांकित प्रश्न. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असे लोकसभेत विचारले गेले. कामगार मंत्रालयाने १४ सप्टेंबरला उत्तर दिले की अशी नोंद ठेवलेली नाही. त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. परतलेल्या मजुरांचा एक कोटी चार लाखांवरचा आकडा मात्र मंत्रालयापाशी होता. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली १६ मजूर चिरडले गेले होते, हे तर साऱ्या देशाला ठाऊक होते. मग त्याच आठवड्यात राज्यसभेतल्या दुसऱ्या एका प्रश्नाला रेल्वेमंत्र्यांनी लेखी उत्तर दिले : श्रमिक विशेष गाड्यांमध्ये ९७ जणांचा मृत्यू. एका खात्याने नाही म्हटलेली नोंद, निदान तिचा एक तुकडा, दुसऱ्या खात्याच्या दप्तरात होता. दोन्ही उत्तरे आज अधिकृत नोंदीत आहेत आणि सरकारला ती पुसता येत नाहीत.

माहितीचा अधिकार असताना या जुन्या आयुधाची गरज काय, असे विचारले जाते. त्या कायद्याखाली उत्तर देतो तो माहिती अधिकारी, तेही कार्यालयात असलेल्या कागदापुरते; काम का झाले नाही याचा खुलासा करायला तो बांधील नसतो. आमदार-खासदार नेमके ते ‘का’ विचारू शकतात, आणि सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली तर मंत्र्यावर हक्कभंग येऊ शकतो. प्रश्नांचा दुरुपयोग होतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली. पण त्यातून सिद्ध होते ते प्रश्नाचे मोल. दोष विकणाऱ्यांचा होता. अधिकाऱ्यांचा वेळ जातो हेही खरे, मात्र दप्तर नीट ठेवलेल्या खात्याचा तो फारसा जाऊ नये.

खरी उणीव वेगळीच आहे. ‘माहिती घेण्यात येत आहे’ हे उत्तर आश्वासन मानले जाते. लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. ‘नोंदच ठेवलेली नाही’ या उत्तराला अशी मुदत लागू होत नाही. म्हणजे माहिती गोळा करू म्हणणारे खाते अडकते आणि हात झटकणारे मोकळे सुटते. ही फट बुजवायला हवी : नोंद का नाही आणि कधीपासून ठेवणार, हे त्याच उत्तरात सांगणे बंधनकारक करावे. नियम बदलणे सभागृहाच्या हाती आहे. मतदारांनीही आपल्या प्रतिनिधीने कोणते प्रश्न विचारले आणि कोणत्या उत्तराचा पाठपुरावा केला, याचा हिशेब त्याच्याकडे मागावा.