टाकीखालचा संप

लालबाग-परळमध्ये ‘संप’ म्हटलं की जुन्या माणसांना 18 जानेवारी 1982 आठवतो. कामगार नेते दत्ता सामंतांच्या त्या संपानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत आणि तिथल्या दिवाणखान्यात संप म्हणजे फिशटँकच्या स्टँडमध्ये दडवलेली दुसरी काचेची टाकी.

मुंबईला माशांचं वेड लावलं ते 1951मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने. तिथून आलेलं पोर क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांपुढे हटून बसायचं. गिरगावच्या खोलीत तेव्हा बरणीभर गप्पी पुरायचे. टाकी मोठी झाली, तसा संप आला.

त्याचं काम साधं. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून आपसूक खाली उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. पण खरे कामगार असतात जिवाणू. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य असं नायट्रेट करतात. ते नायट्रेट पाणी बदलून काढायचं. या जिवाणूंना प्राणवायू हवा आणि राहायला जागा. दहा बाय दहाच्या खोलीत अख्खं कुटुंब मावावं तसे ते स्पंजच्या आणि सिरॅमिक रिंगांच्या छिद्रांत मावतात.

गोड्या पाण्याच्या टाकीला तीन कप्पे पुरतात: गाळणी, जिवाणूंचं घर, पंप. तरी हौस सात-आठ कप्प्यांवर जाते. कुणी पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा प्रोटीन स्किमरही बसवतो. तो खाऱ्या पाण्यात उपयोगी, गोड्या पाण्यात त्याला धड फेसच येत नाही.

जास्तीच्या कप्प्यांची किंमत वीज गेल्यावर कळते. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे 14 लिटर. रिटर्न पाइपचं तोंड तीन इंच बुडालेलं असेल, तर पंप थांबताच सायफनने 42 लिटर पाणी उलटं खाली येतं. प्रत्येक आडव्या काचेमागे पाणी आधीच भरलेलं, त्यामुळे संपात मोकळी जागा थोडीच उरते. बाकीचं लादीवर, आणि मग खालच्या मजल्यावरचे शेजारी दारात.

उपाय फुकटचा आहे. पाइपला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडायचं, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. शेवाळाने ते बुजतं, म्हणून अधूनमधून टाचणी फिरवायची. स्पंज मात्र नळाखाली धुवायचा नाही. पालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो पिळायचा.

संप नवा असेल, तर पहिल्याच दिवशी बादली आणि फडकं जवळ ठेवून पंपाचा प्लग काढावा. गुळगुळ आवाज करत पाणी चढतं आणि थांबतं. ते काठाच्या आत थांबलं, तर प्लग लावावा, पातळी खाली येऊन स्थिरावू द्यावी आणि पंपाच्या कप्प्यावर तिथे मार्करने रेघ मारावी. रोजचं पाणी त्या रेघेपर्यंतच भरायचं.