व्हिडिओ कुठला? डोंगराला विचारा!

जुलै २०१८. सोशल मीडियावर एक व्हिडिओ फिरायला लागला. गणवेशातले सैनिक दोन बायका आणि दोन लहान मुलांना पायवाटेने घेऊन जातात आणि गोळ्या घालतात. हे कॅमेरूनचे सैनिक आहेत, असं लोक म्हणत होते. तिथल्या सरकारने मात्र ‘फेक न्यूज’ म्हणून हात झटकले.

‘बीबीसी आफ्रिका आय’च्या टीमने याचा छडा लावला. मदतीला ॲम्नेस्टी, ‘बेलिंगकॅट’ आणि ट्विटरवरची हौशी मंडळी होती. व्हिडिओत मागे डोंगररांग दिसत होती. तिचा आकार गूगल अर्थवर जुळवत ते उत्तर कॅमेरूनमधल्या झेलेवेट गावाजवळ पोहोचले. मग उपग्रहाचे जुने फोटो काढून कुठलं बांधकाम कधी उभं होतं ते ताडून पाहिलं. सावल्यांवरून सूर्याचा कोन काढला. घटना २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ दरम्यानची निघाली. २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

याला म्हणतात ‘ओसिंट’, म्हणजे ओपन सोर्स इंटेलिजन्स. सगळ्यांसमोर उघड असलेल्या माहितीतून केलेला तपास.

तीच गर्दी, उलटा निकाल

एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, तेव्हाही हजारो नेटकरी कामाला लागले होते. रेडिटवर फोटो चाळून ‘पाठीवर बॅग असलेले संशयित’ शोधणं सुरू झालं. एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव बॉम्बर म्हणून पसरलं. त्याचा स्फोटांशी काहीच संबंध नव्हता. पुढे त्याचा मृतदेह सापडला. आधीच मुलाच्या शोधात असलेल्या घरच्यांना त्या काळात शिव्याशाप ऐकावे लागले. रेडिटने नंतर माफी मागितली.

फरक कुठे पडला? कॅमेरूनच्या तपासात आधी ‘कुठे’ आणि ‘कधी’ हे प्रश्न होते, ‘कोण’ शेवटी. प्रत्येक पायरी दुसऱ्याला पडताळता येत होती. बॉस्टनमध्ये सुरुवातच ‘कोण’पासून झाली. चुकीचा डोंगर ओळखला तर डोंगराचं काही बिघडत नाही. माणसाचं बिघडतं.

हे आपल्यापासून लांब नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. मोबाइलवर अफवा फिरत होत्या, थांबून तपासणारं कुणी नव्हतं.

तुम्ही काय करू शकता?

- व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट काढून रिव्हर्स इमेज सर्च करा. बऱ्याचदा तो जुना किंवा दुसऱ्याच देशातला निघतो.
- दुकानांच्या पाट्या, नंबरप्लेट, भाषा, झाडं, सावल्या बघा.
- नुसता निष्कर्ष नको, तिथवर कसे पोहोचलात तेही लिहा. म्हणजे चूक दुसरा पकडू शकेल.
- खात्री नसेल तर कुणाचंही नाव, फोटो टाकू नका. ‘असं वाटतंय’ म्हणूनसुद्धा नाही.