उस्मानाबाद गर्भाशयमुख कर्करोग तपासणी अभ्यास

उस्मानाबाद गर्भाशयमुख कर्करोग तपासणी अभ्यास हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील उस्मानाबाद (सध्याचे नाव धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून करण्यात आलेला मोठा वैद्यकीय अभ्यास होता. ३० ते ५९ वर्षे वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कोणत्या तपासणीमुळे कमी होतात, हे शोधणे हा त्याचा उद्देश होता. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) एकाच तपासणीनेही हे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांची अभ्यासाअंतर्गत तपासणी करण्यात आली नव्हती. त्यामुळे आरोग्य तंत्रज्ञानाची विषम उपलब्धता आणि संशोधनाची नैतिकता यांविषयीच्या चर्चेत या अभ्यासाचा उल्लेख वारंवार होतो.

पार्श्वभूमी

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्हीच्या काही प्रकारांच्या दीर्घकालीन संसर्गामुळे होतो. संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे अनेक वर्षे जातात. या काळात पेशींमधील कर्करोगपूर्व बदल ओळखून त्यांवर उपचार केल्यास रोग टाळता येतो. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅप चाचणीचे नियमित कार्यक्रम सुरू झाले आणि तेथे या रोगाचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले. भारतात, विशेषतः ग्रामीण भागात, अशी व्यवस्था उभी राहिली नाही. रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावरच रुग्ण रुग्णालयात पोहोचत असे.

उस्मानाबाद हा प्रामुख्याने ग्रामीण आणि अवर्षणप्रवण जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती आणि त्यांपैकी सुमारे १७ टक्के लोक शहरी भागात राहत होते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. या नोंदणीत बार्शीसह उस्मानाबाद जिल्ह्यातील परंडा आणि भूम या तालुक्यांतील गावांचा समावेश होता. परिसरातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय असल्याचे तिच्यातून दिसून आले.

रचना

बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी हा अभ्यास संयुक्तपणे केला. रेंगास्वामी शंकरनारायणन, भगवान नेने आणि सुरेंद्र शास्त्री हे त्याच्या प्रमुख संशोधकांपैकी होते. बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनने त्यासाठी निधी दिला.

जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह करून ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, प्रत्येकी १३ समूहांच्या चार गटांत विभागण्यात आले. स्त्रीला कोणती सेवा मिळणार हे तिचे गाव कोणत्या गटात आले यावर ठरले.

पहिल्या गटात एचपीव्ही तपासणी करण्यात आली. तिच्यात गर्भाशयमुखातून घेतलेल्या नमुन्यात विषाणूचे डीएनए शोधले जाते. दुसऱ्या गटात पेशी तपासणी, म्हणजे पॅप चाचणी, करण्यात आली. तिच्यात काचपट्टीवर पसरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. तिसऱ्या गटात व्हीआयए ही पद्धत वापरण्यात आली. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावल्यावर पांढरे चट्टे उमटतात का, हे यात नुसत्या डोळ्यांनी पाहतात. पहिल्या दोन पद्धतींना प्रयोगशाळा लागते. व्हीआयएला ती लागत नाही, निकाल लगेच कळतो आणि खर्चही कमी येतो.

चौथा गट तुलनेसाठी होता. त्यातील स्त्रियांना स्थानिक रुग्णालयात तपासणी कशी करून घ्यावी याचा सल्ला देण्यात आला आणि नेहमीची आरोग्यसेवा तशीच ठेवण्यात आली. तपासणीच्या तिन्ही गटांत सुमारे ८० टक्के स्त्रियांनी तपासणी करून घेतली. दोष आढळलेल्या स्त्रियांची कॉल्पोस्कोपी आणि आवश्यकतेनुसार ऊतितपासणी करून उपचार करण्यात आले.

निष्कर्ष

सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

| गट | स्त्रिया | दुसऱ्या किंवा पुढील अवस्थेतील कर्करोग | गर्भाशयमुख कर्करोगाने मृत्यू |
|---|---|---|---|
| एचपीव्ही तपासणी | ३४,१२६ | ३९ | ३४ |
| पेशी तपासणी | ३२,०५८ | ५८ | ५४ |
| व्हीआयए | ३४,०७४ | ८६ | ५६ |
| तुलना गट | ३१,४८८ | ८२ | ६४ |

एचपीव्ही गटात मृत्यूचा धोका तुलना गटापेक्षा ४८ टक्क्यांनी कमी आढळला. पेशी तपासणी आणि व्हीआयए या गटांत मृत्यूंमध्ये संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय घट दिसली नाही. एचपीव्ही तपासणीत दोष न आढळलेल्या स्त्रियांना पुढील काळात कर्करोग होण्याचे प्रमाणही इतर दोन पद्धतींच्या तुलनेत बरेच कमी होते. त्यामुळे आयुष्यात मोजक्याच वेळा केलेली एचपीव्ही तपासणीही उपयुक्त ठरू शकते, या मताला बळ मिळाले.

नैतिक आक्षेप

मुख्य आक्षेप तुलना गटाविषयी आहे. उस्मानाबादप्रमाणेच तमिळनाडूतील दिंडीगुल आणि मुंबई येथेही परदेशी निधीतून व्हीआयएचे अभ्यास झाले. तिन्ही अभ्यासांच्या तुलना गटांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी २५४ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू झाला. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये या आकडेवारीकडे लक्ष वेधले. पॅप चाचणीचा उपयोग अनेक दशकांपूर्वीच सिद्ध झाला असल्याने एका गटाला तपासणीविना ठेवणे समर्थनीय नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते.

संशोधकांनी या आक्षेपांना उत्तर दिले. भारतात त्या काळी कोणताही संघटित तपासणी कार्यक्रम नव्हता, त्यामुळे ‘तपासणी नसणे’ हीच प्रचलित सेवा होती आणि तुलना गटाकडून कोणतीही उपलब्ध सेवा काढून घेतली गेली नाही, असे त्यांनी मांडले. पाश्चात्त्य देशांतील यशामागे चांगल्या प्रयोगशाळा आणि ठरावीक काळाने होणाऱ्या पुनर्तपासण्या होत्या. ग्रामीण भारतात एकाच तपासणीचा उपयोग होईल की नाही, याविषयी खरी अनिश्चितता होती. उस्मानाबादमध्ये पेशी तपासणीच्या गटात लक्षणीय घट न आढळल्याने या युक्तिवादाला काही आधार मिळतो. दुसऱ्या बाजूने, तीन पद्धतींची आपसांत तुलना करूनही पुष्कळ माहिती मिळाली असती, असा प्रतिवाद करता येतो.

या वादाच्या मुळाशी ‘प्रचलित सेवा’ कशाला म्हणावे हा प्रश्न आहे. स्थानिक परिस्थिती हाच निकष मानला, तर जेथे सेवा सर्वांत तोकडी तेथील लोकांप्रति संशोधकांची जबाबदारीही सर्वांत कमी ठरते. जगातील सर्वोत्तम सेवा हा निकष मानला, तर गरीब प्रदेशांना परवडणाऱ्या पर्यायांचा अभ्यास करणेच कठीण होते. आफ्रिका आणि आशियातील गरोदर स्त्रियांवरील एचआयव्ही-प्रतिबंधक औषधांच्या चाचण्यांवरून १९९७ मध्ये असाच वाद झाला होता. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २००० मध्ये केलेल्या सुधारणांत दोन मुद्द्यांवर भर होता: नव्या पद्धतीची तुलना सिद्ध झालेल्या सर्वोत्तम पद्धतीशी करावी, आणि अभ्यास संपल्यावर सहभागी व्यक्तींना उपयुक्त ठरलेली पद्धत उपलब्ध व्हावी.

समूह-यादृच्छिक अभ्यासात संमतीचा प्रश्नही वेगळा असतो. येथे निवड व्यक्तीची नसून गावाची होते. शेजारच्या गावात कोणती सेवा दिली जात आहे हे तुलना गटातील व्यक्तीला माहीत नसेल, तर तिची संमती कितपत अर्थपूर्ण ठरते, असा प्रश्न विचारला जातो. अशा अभ्यासांसाठीची नैतिक तत्त्वे २०१२ च्या ओटावा निवेदनात मांडण्यात आली.

तंत्रज्ञानाची विषम उपलब्धता

ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘व्यस्त सेवा नियम’ मांडला. ज्यांना चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज अधिक, त्यांना ती मिळण्याची शक्यता कमी, असा त्याचा आशय आहे. उस्मानाबादचा अभ्यास या नियमाच्या संदर्भात दोन अर्थांनी महत्त्वाचा आहे. सेवेचा अभाव होता म्हणूनच येथे तुलना गट ठेवणे शक्य झाले. पुढे या अभ्यासातून जगाला मिळालेले ज्ञान सेवेच्या रूपाने जिल्ह्यात परतण्यास मात्र विलंब झाला.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणीची तरतूद करण्यात आली. उस्मानाबादमध्ये व्हीआयएमुळे मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नसली, तरी दिंडीगुलमध्ये ३५ आणि मुंबईत ३१ टक्के घट नोंदवण्यात आली होती. कमी खर्च आणि प्रयोगशाळेची गरज नसणे हेही या पद्धतीच्या बाजूचे मुद्दे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मात्र प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली. भारतात खासगी प्रयोगशाळांमध्ये ही चाचणी शुल्क भरून करता येते. त्यामुळे ती मिळणे हे बरेचसे स्त्रीच्या आर्थिक स्थितीवर आणि राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून राहते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील ३० ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी करून घेतली होती. अभ्यासाच्या काळात, विशेष प्रयत्न आणि प्रशिक्षित कर्मचारी उपलब्ध असताना, उस्मानाबादच्या खेड्यांत हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. ग्रामीण स्त्रिया तपासणीस तयार होत नाहीत, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो.

सद्यस्थिती

नीती आयोगाने २०१८ मध्ये उस्मानाबादचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. या यादीत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम हे अन्य जिल्हे आहेत. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय एचपीव्ही लसीला मान्यता मिळाली. लसीकरणाचा मुख्य लाभ विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वी लस मिळणाऱ्या मुलींना होतो. अभ्यासातील स्त्रियांच्या पिढीसाठी आणि त्यानंतरच्या लस न मिळालेल्या पिढ्यांसाठी नियमित तपासणी हाच प्रतिबंधाचा मुख्य मार्ग आहे.

हेही पाहा

धाराशिव जिल्हा
गर्भाशयमुखाचा कर्करोग
मानवी पॅपिलोमा विषाणू
हेलसिंकी जाहीरनामा
टाटा मेमोरियल सेंटर