पडद्याला बोट लागल्यावर

संवादी मल्टिमीडिया प्रणालीत मजकूर, चित्र, आवाज, व्हिडिओ आणि ॲनिमेशन एकत्र बांधलेले असतात आणि पुढे काय दिसावे हे समोरचा माणूस ठरवतो. माहितीपटाचा क्रम दिग्दर्शकाच्या हातात असतो. इथे तो हातचा सोडावा लागतो, आणि तरीही बघणारा भरकटू नये याची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. चित्रफीत कापणे, आवाजातली खरखर काढणे ही कामे विद्यार्थी काही आठवड्यांत उचलतात. बोट लागल्यावर काय व्हावे हे ठरवायला मात्र अख्खे सत्र अपुरे पडते, आणि या विषयाचे खरे शिक्षण तिथेच होते.

महाराष्ट्रात हा विषय दोन वाटांनी शिकवला जातो. आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. अशा डिझाइनच्या शाळेत सुरुवात माणसापासून होते. संगणकशास्त्राच्या विभागांत ती माहिती आणि प्रोग्रॅमपासून होते. चांगल्या प्रकल्पाला दोन्ही लागतात.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला प्रकल्पाच्या विषयासाठी लांब जावे लागत नाही. छावणी मागे टाकली की पडेगाव, मग मिटमिटा, आणि तोच रस्ता पुढे दौलताबादला आणि वेरूळला जातो. दौलताबादच्या देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी टचस्क्रीन उभारायचा आहे असे धरले, तर कामाचे बहुतेक टप्पे त्या एका उदाहरणात येतात.

पहिला टप्पा संगणकाविना असतो. विद्यार्थ्याचा पहिला आराखडा हमखास यादवांपासून सुरू होतो, मग खिलजी येतो, मग १३२७ मध्ये राजधानी इथे आणणारा मुहम्मद तुघलक. दरवाजाशी उभ्या असलेल्या कुटुंबाचे प्रश्न मात्र वेगळे असतात. वर जायला किती वेळ लागेल? आजीला चढवेल का? पाणी कुठे मिळेल? अंधेरीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतून, लहान मुलांना न्यायचे की नाही? हे प्रश्न ऐकायला तिथे उभे राहावे लागते, आणि ते वहीत उतरले की आराखडा उलटा होतो. इतिहास कमी करायचा नसतो. तो जिथे विचारला जाईल तिथे ठेवायचा असतो.

मग पडद्यांचा नकाशा काढायचा. सवयीने विद्यार्थी मेनू करतो: इतिहास, वास्तू, छायाचित्रे, संपर्क. ही मांडणी कार्यालयाच्या संकेतस्थळाला चालेल, किल्ल्याला नाही. देवगिरीचा रस्ता खालून वर जातो. खंदक, अंधेरी, बारादरी ही ठिकाणे त्याच क्रमाने लागतात. म्हणून डोंगराचा उभा छेद हाच मुख्य पडदा केला आणि ज्या ठिकाणी बोट लागेल ते उघडले, तर ‘आपण कुठे आहोत’ हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा नकाशा आधी कार्डशीटवर तपासतात. पडद्याच्या आकाराचे कागद कापायचे, एका विद्यार्थ्याने संगणक व्हायचे, म्हणजे बोट लागेल तसा पुढचा कागद ठेवायचा. दुसऱ्याने फक्त टिपणे घ्यायची. समजावून सांगायला मनाई. शिकणाऱ्याला सगळ्यात जड जाते ते हे गप्प बसणे. समोरचे काका किल्ल्यावरच्या मेंढा तोफेच्या चित्रावरच बोट ठेवतात, खाली ‘अधिक माहिती’ असे लिहिलेले बटण त्यांच्या गावीही नसते. अशा वेळी काकांना बटण दाखवून भागत नाही, चित्रालाच बटण करावे लागते. कागदावर ही दुरुस्ती पाच मिनिटांची असते, प्रोग्रॅम लिहून झाल्यावर तीच दोन दिवस खाते.

प्रतिसादाच्या वेळेबद्दल वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी दिलेले आकडे वर्गात सांगितले जातात: एक दशांश सेकंदात काही घडले तर ते तत्काळ वाटते, एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. टचस्क्रीनवर याचा अर्थ लगेच कळतो. व्हिडिओ उघडायला वेळ लागला की माणूस पुन्हा दाबतो, आणि दोन्ही दाब नोंदले गेले तर तो दोन पडदे पुढे जाऊन पडतो. म्हणून बोट लागताक्षणी बटणाचा रंग तरी बदलला पाहिजे.

मराठी मजकुराचे काम तर बारकाव्यांनी भरलेले आहे, आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत त्याची तयारी मिळत नाही. ‘किल्ल्यात’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो नऊ संकेतांचा आहे: क, वेलांटी, ल, हलन्त, ल, हलन्त, य, काना, त. अक्षरे एकेक करून उमटवणारे ॲनिमेशन इंग्रजीच्या धर्तीवर लिहिले तर पडद्यावर आधी ‘क’, मग ‘कि’, मग ‘किल’, मग पाय मोडलेला ल येतो आणि शब्द थरथरत जुळतो. ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण साठवली जाते नंतर. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला मजकूर बदलून घेताना नेमकी हीच वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. शिवाय ओळीच्या वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. लॅटिन लिपीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत ते कापले जातात. मराठी पडदा मराठीतच रचून पाहावा लागतो. इंग्रजीत पूर्ण करून शेवटी भाषांतर ओतले की मांडणी फुटते.

चित्र आणि आवाजाच्या वजनाचा हिशेब एकदा तरी हाताने करून पाहावा. १९२० बाय १०८० बिंदूंच्या एका चित्राला, बिंदूमागे तीन बाइट धरले तर, सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे साडेपंधरा कोटी बाइट. ६५० मेगाबाइटच्या जुन्या सीडीवर असा व्हिडिओ जेमतेम चार सेकंद मावला असता. म्हणून दाबणे, कॉम्प्रेशन, अटळ आहे. व्हिडिओत लागोपाठच्या चित्रांमधला फरक तेवढा साठवतात. स्थिर चित्रांसाठी १९९२ पासून जेपेग हे प्रमाण आहे. पण किती दाबायचे हे विषय पाहून ठरते. देवगिरीचा डोंगर तासून उभा केलेला आहे. जेपेग फार दाबले तर कातळावरचे छिन्नीचे घाव सपाट होतात, आणि बघणाऱ्याला दाखवायचे तर तेच होते. रेषांच्या नकाशाला जेपेग वापरूच नये, कडांभोवती मळ धरतो.

बांधणीची साधने बदलत राहतात. ॲपलचे हायपरकार्ड १९८७ मध्ये आले, नंतर डायरेक्टर आणि फ्लॅश यांवर पिढ्या शिकल्या. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यात केलेले असंख्य प्रकल्प आजच्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. आता एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टवर भर असतो, पण आशय साधनापासून वेगळा ठेवणे अधिक महत्त्वाचे. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी केलेल्या ‘जतन’ प्रणालीतही वस्तूची छायाचित्रे आणि नोंदी ठरावीक रचनेत साठवल्या जातात.

शेवटची चाचणी जागेवर होते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि प्रयोगशाळेत सुरेख दिसलेली फिकट रंगसंगती उन्हात पुसून जाते. गर्दीत निवेदन ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येक चित्रफितीला मराठी उपशीर्षके लागतात. वीज गेली आणि आली तर यंत्र कुणाच्या मदतीशिवाय पहिल्या पडद्यावर यायला हवे. कुणी अर्धवट सोडून गेले तर थोड्या वेळाने आपोआप मागे जायला हवे. पडद्याची उंची लहान मुलाला आणि चाकाच्या खुर्चीवरल्या माणसालाही पोचेल अशी लागते.

मूल्यमापनात चालणाऱ्या पडद्याइतकेच गुण चाचण्यांच्या टिपणांना मिळायला हवेत. कोण कुठे अडले, त्यावर काय बदलले आणि पुन्हा पाहिल्यावर काय झाले, हे त्यांतूनच दिसते. मूळ छायाचित्रे, न दाबलेले ध्वनिमुद्रण, युनिकोडमधला मजकूर आणि ही टिपणे विभागात एकत्र जमा केली की पुढची तुकडी तोच प्रकल्प उघडून त्यात बारादरीनंतरचा टप्पा जोडू शकते.